हिरव्या टोपणाचं पाणी

१२ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. कारण, मार्चमधल्या ट्रेकचं पाणी-खातं माझ्याकडे आलं आहे. आलं म्हणजे मी घेतलं. काल जेवताना जाहीर करून टाकलं. कोणी एक शब्द बोललं नाही. ठराव एकमताने पास.

आम्ही पाच जण. मी, ही, कन्या, हिचा धाकटा भाऊ आणि शेजारच्या नर्सबाई. हिचा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे जगात वर-खाली होणारं सगळं आपल्याला कळतं असा त्याचा समज आहे. मला पहिल्यापासून पाण्यात पाहतो. नर्सबाई पंचवीस वर्षं वॉर्डात आहेत. त्या चहाच्या कपाकडेसुद्धा पेशंटकडे बघावं तसं बघतात.

खरं कारण इथेच लिहून ठेवतो. कन्या एक एप्रिलला सहा महिन्यांसाठी जंगलात चालली आहे. सर्व्हेची नोकरी. झाडं मोजायची, तंबूत झोपायचं, ओढ्याचं पाणी प्यायचं. रंगाच्या दुकानात एकतीस वर्षं काढलेला बाप तिला जंगलात उपयोगी पडेल असं काय देणार? खूप विचार केला. पाणी देणार. तिनं माझा फिल्टर आणि माझी पद्धत घेऊन जावं. बाकी काही नको.

१३ फेब्रुवारी
हिनं दोन वर्षांपूर्वीचा विषय काढलाच. त्या ट्रेकला चौघांची पोटं बिघडली होती. मी शांतपणे सांगितलं की तो पाण्याचा प्रश्नच नव्हता, तो तुझ्या भावानं केलेल्या सूपचा होता. त्यावर भावाचा फोन आला की सूप पाकिटातलं होतं आणि माझ्याच पाण्यात उकळी न आणता ढवळलं होतं. उकळी आणायची की नाही हा आचाऱ्याचा प्रश्न आहे. फोन ठेवून दिला.

१९ फेब्रुवारी
फिल्टर आणला. काय वस्तू आहे! वीतभर नळी, आत केसाएवढ्या बारीक नळ्या. पिशवीत ओढ्याचं पाणी भरायचं, पिशवी नळीला लावायची आणि पिळायची. पलीकडून शुद्ध पाणी. सोबत सोळा पानी माहितीपत्रक आहे. वाचलं नाही. डब्यावरच्या सूचना गिऱ्हाइकांना वाचून दाखवण्यात माझा जन्म गेला, मला कोण काय सूचना देणार!

खोक्यात एक मोठी सिरिंज निघाली. चुकून पडली असावी. नर्सबाईंना देऊन टाकली. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि थँक्यू म्हणाल्या.

२२ फेब्रुवारी, रविवार
पद्धत तयार झाली. मी जवळजवळ टाळ्या वाजवल्या.

सहा बाटल्या, सगळ्या एकसारख्या. तीन कच्च्या पाण्याच्या, तीन शुद्ध पाण्याच्या. ओळखायच्या कशा? आमच्या दुकानातला नियम. डब्यात जो रंग असेल त्याचा एक ठिपका झाकणावर. एवढं मोठं गोडाऊन या ठिपक्यांवर चालतं. तर कच्च्या पाण्याच्या बाटल्यांच्या टोपणांना लाल, शुद्धच्या टोपणांना हिरवा. ऑइल पेंट, दोन हात, मध्ये एक दिवस वाळवण. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे प्या. कन्येला समजावून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, टोपणाऐवजी बाटलीवर का नाही लावत? मी म्हटलं, बेटा, एकतीस वर्षं.

एकतीस वर्षांत झाकण एकदाच चुकलं आहे. एका गृहस्थांना फिक्या निळ्याऐवजी गडद केशरी गेला. पण त्यांनी डबा उघडताच परत आणला. आणि चूक पॅकिंगवाल्याची होती.

१ मार्च
घरी प्रात्यक्षिक. अंगणातल्या बादलीतलं आठवड्याचं पाणी फिल्टर करून हिला ग्लास दिला. ही म्हणाली, आधी तुम्ही. मी नुकताच चहा घेतला होता. मग ग्लास मेहुण्याकडे गेला, त्याच्याकडून नर्सबाईंकडे, नर्सबाईंकडून काठोकाठ भरलेला माझ्याकडे परत. शेवटी कुंडीत ओतला. झाड अजून टवटवीत आहे. पुरावा.

८ मार्च, ट्रेक दिवस पहिला
चढण. माझी सॅक सगळ्यात जड, कारण खात्याचं सामान.

दुपारी पहिला ओढा. पाणी गढूळ. कन्या म्हणाली, पातेल्यात ठेवून गाळ खाली बसू द्या, मग फडक्यातून गाळा आणि मग फिल्टर. मी म्हटलं, एवढं सगळं आपणच करायचं तर फिल्टर कशाला आणलाय, शोभेला? दीड बाटली झकास निघाली. मग थेंब थेंब. मग काहीच नाही. दोन्ही हातांनी पिळलं. गुडघ्याखाली धरून पिळलं. पिशवी फुटली आणि सगळा ओढा मेहुण्याच्या अंगावर. तो म्हणाला, भावोजी, अंघोळ सकाळीच झाली होती.

तेवढ्यात नर्सबाईंनी सॅकमधून ती सिरिंज काढली. फिल्टरमध्ये उलट्या बाजूनं स्वच्छ पाणी मारलं, चिखल बाहेर आला, फिल्टर चालू. ती सिरिंज त्यासाठीच असते म्हणे. जादा पिशवीही त्यांच्याकडे होती. म्हणजे मी चुकणार हे बाईंनी फेब्रुवारीतच गृहीत धरलं होतं! शेजारधर्म म्हणतात तो हा?

९ मार्च, दुसरा दिवस
आज मात्र माझ्या खात्याचा सुवर्णदिन. सगळ्यांनी हिरव्या टोपणाच्या बाटल्यांतून पोटभर पाणी प्यायलं. कोणी नाक मुरडलं नाही. मेहुण्यानं तर दोनदा मागून घेतलं. कन्या म्हणाली, बाबा, छान आहे पाणी, जरा कोमट लागतंय एवढंच. मी तिला समजावलं की एवढ्या बारीक नळ्यांतून पाणी जाताना घर्षण होतं आणि घर्षणानं उष्णता निर्माण होते. ती खाली बघत होती. नोंद घेत असावी.

संध्याकाळी टोपणांची निगा. हे फार महत्त्वाचं. कच्च्या पाण्याचा एक थेंब जरी बाटलीच्या तोंडाशी, आट्यांमध्ये राहिला तरी घात होतो. हे मी पेपरात वाचलं आहे. म्हणून रोज सहाच्या सहा टोपणं काढायची, धुवायची, कापडावर ओळीनं वाळवायची, मग परत घट्ट लावायची. बाकीचे पाय पसरून बसलेले असतात. एकाला तरी या कामाची जाण आहे का?

१० मार्च, सकाळी ५.१५
फितुरी. दुसरा शब्द नाही.

कालपासून मेहुणा कुरकुरत होता की गॅसचा डबा फार लवकर हलका होतोय. मला वाटलं हाच गुपचूप कॉफी करून पितो. रंगेहाथ पकडायचा म्हणून आज लवकर उठलो. तंबूची चेन इंचभर उघडली.

स्टोव्ह पेटलेला. मोठं पातेलं खदखदतंय. नर्सबाई हातातल्या घड्याळात मिनिटं मोजतायत, इथे उंचीवर तीन मिनिटं खळखळून उकळायला हवं असं काहीतरी पुटपुटतायत. ही माझ्या हिरव्या टोपणाच्या बाटल्या उघडून माझं पाणी, मी काल गुडघे मोडून पिळलेलं पाणी, झाडाच्या बुंध्याशी ओततेय. मेहुणा गार झालेलं पहिलं पातेलं बाटल्यांत भरतोय. आणि त्या सगळ्यांना उजेड कोण दाखवतंय? टॉर्च माझ्या लेकीच्या हातात.

म्हणून कोमट.

बाहेर आलो. कोणीच पळालं नाही, हे त्यातल्या त्यात. ही म्हणाली, अहो, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. मी म्हटलं, आता कसं वाटतंय असं वाटतं तुला? नर्सबाई म्हणाल्या, भाऊ, फिल्टर चांगलाच आहे हो, पण तुमचा हात. आणि परत घड्याळात बघायला लागल्या. मेहुणा म्हणाला, भावोजी, मागच्या वेळी मी चार दिवस झुडपामागे काढलेत, मला दोन मुलं आहेत. कन्या बुटांच्या नाड्या बांधत बसली. नाड्या बांधलेल्याच होत्या.

बाकीच्यांचं मला काही नाही. परकी माणसं. मेहुणा परकाच, आणि हीसुद्धा आज परक्यात गेली. पण कन्या? तिच्यासाठी हे सगळं केलं ना मी! वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. लिहितो तेच बरं, बोलायला माणूस नाही.

सकाळी ७.००
निर्णय. तीन लाल, तीन हिरवी टोपणं, सहाही बाटल्या माझ्या ताब्यात. आजपासून मी फक्त माझं पाणी पिणार, माझ्या हातानं गाळलेलं. त्यांनी प्यावं पातेल्यातलं. कन्या मागे मागे आली. बाबा, निदान एक उकळी तरी आणू या, प्लीज. मी म्हटलं, ज्यांचा माझ्यावर विश्वास नाही त्यांच्या गॅसवर माझं पाणी चढणार नाही.

११ मार्च, चौथा दिवस
चोवीस तास होऊन गेले. पोट ठणठणीत. दगडासारखं. वाटेत भेटेल त्याला सांगतोय. समोरून उतरणाऱ्या एका जोडप्याला थांबवून हिरव्या टोपणाची पूर्ण पद्धत सांगितली. बाईंनी विचारलं, टोपणं अदलाबदल झाली तर? काय एकेक शंका असतात लोकांच्या.

संकल्प: घरी पोचल्यावर सगळ्यांना समोर बसवून शांतपणे, आवाज न चढवता, माफी मागायला लावणे.

संध्याकाळी टोपणं धुतली. एकटाच. ओळीनं सहा. कोणी मदतीला आलं नाही, आलं असतं तरी घेतली नसती.

१२ मार्च
४.५० उठलो.
५.१० परत उठलो. गार हवेनं होतं असं.
५.२५ झुडूप.
५.४० तेच झुडूप.
६.०५ दुसरं झुडूप. पहिलं लांब वाटायला लागलं.
६.३० कन्या झुडपापाशी येऊन पलीकडून विचारून गेली. मी म्हटलं, सूर्योदय बघतोय.
७.१५ विषप्रयोग. याशिवाय दुसरा अर्थच लागत नाही. माझ्या बाटलीत कोणीतरी हात घातला. लिफ्टवाला.

दुपारी १२.००, एका खडकाला टेकून
चौकशीची मागणी मीच केली होती. तेवढं नसतं केलं तर बरं झालं असतं.

कन्येनं विचारलं, बाबा, रोज संध्याकाळी काय करता ते करून दाखवा. मी कण्हत कण्हत, पण अभिमानानं दाखवलं. तीन बाटल्यांत ओढ्याचं पाणी, तीन बाटल्यांत गाळलेलं. सहाही टोपणं काढली. धुतली. ओळीत मांडली. परत लावली. घट्ट. कन्येनं विचारलं, कुठलं टोपण कुठल्या बाटलीचं होतं हे कसं कळलं? मी म्हटलं, कळायचं काय त्यात? टोपणावर रंग आहे की.

सगळ्यांची नजर बाटल्यांवर गेली. मीही बाटल्यांकडे बघितलं. सहा बाटल्या, सगळं पाणी एकसारखं नितळ. काल दुपारनंतर ओढा स्वच्छ लागला होता, नाही का. यातली कच्ची कुठली, हे मला सांगता येईना. जी मी दोन दिवस हिरवी म्हणून प्यायलो ती कुठली, तेही.

कन्या माझ्याजवळ बसली. हळू म्हणाली, बाबा, दुकानात झाकण चुकलं तर डबा उघडल्यावर रंग दिसतो. पाण्यात काय दिसणार?

याला उत्तर आहे. सुचलंही होतं. पोटानं वेळ दिला नाही.

कोणीही हसलं नाही. ते फार लागलं. मेहुणा तर इतका गंभीर झाला की एका मोठ्या खडकामागे निघून गेला. तिकडून बराच वेळ घोड्यासारखा आवाज येत होता.

रात्री, पायथ्याशी
नर्सबाईंनी साखर-मिठाचं पाणी दिलं. संध्याकाळपर्यंत नऊ ग्लास प्यायलो. माझी सॅक मेहुण्यानं स्वतःच्या सॅकवर बांधून खाली आणली, एकदाही टोमणा न मारता. तेही लागलं.

पाणी कोमट होतं.

१६ मार्च, घरी
डॉक्टर म्हणाले, जंतू. नर्सबाई मागे उभ्या राहून मान हलवत होत्या, जणू त्यांनीच बोलावले होते.

शांतपणे विचार केला. मूळ दोष बाटल्या बनवणाऱ्यांचा आहे. सहा बाटल्यांची टोपणं एकमेकींना बसतातच कशी? आमच्या दुकानात एक लिटरचं झाकण चार लिटरच्या डब्याला लावून दाखवा. कंपनीला पत्र लिहायला घेतलं. कच्च्या पाण्याच्या बाटलीला उलटे आटे हवेत अशी सूचना केली. ही म्हणाली, पोस्टात टाकायला मी जाते. पत्र तिच्या पर्समध्ये आहे. पाळत ठेवली आहे.

२५ मार्च
माफी कार्यक्रम अजून झालेला नाही. सगळ्यांना एकत्र वेळ नाही.

कन्येची बॅग भरणं सुरू. फिल्टर धुऊन, पुसून, नवी पिशवी लावून तिच्या टेबलावर ठेवला. सोबत सिरिंज. सोबत माहितीपत्रक, सोळा पानं, मी वाचून अधोरेखित केलेली. पान तीनवर लिहिलंय, गढूळ पाणी आधी गाळून घ्या. पान अकरावर, बाटल्या वेगळ्या ओळखता येतील अशा ठेवा. बाटल्या म्हटलंय. असो.

तिनं विचारलं, बाबा, दुकानातून लाल आणि हिरव्या ऑइल पेंटचे लहान डबे मिळतील का? एक ब्रशही. दिले. कशाला ते विचारलं नाही. तंबूला नंबर टाकायचे असतील.

१ एप्रिल, सकाळी ८.१५
गेली.

दारात मिठी मारली. म्हणाली, बाबा, पाणी उकळून प्या. मी म्हटलं, तू पण. काय बोलून गेलो!

मग तिच्या खोलीत गेलो. फिल्टर टेबलावर. सिरिंज टेबलावर. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला की मधलं पातेलं दिसत नाही.

पातेलं घेऊन गेली. बापाचा फिल्टर सोडून आईचं पातेलं घेऊन गेली. सख्खी मुलगी.

दुकानात गेलो नाही. फिल्टर मांडीवर घेऊन बसलो होतो. ही दोनदा येऊन बघून गेली. दुसऱ्यांदा चहा ठेवून गेली. चांगला उकळलेला होता.

२ एप्रिल
संकल्प: यापुढे कोणाला काही शिकवायचं नाही. ज्याला तहान लागेल तो बघून घेईल.

९ एप्रिल
दुकानात नव्या माणसाला झाकणावरच्या ठिपक्याबद्दल सांगत होतो. मध्येच थांबलो. म्हटलं, डब्यावरही लाव रे एक. तो म्हणाला, डब्यावर कशाला? मी म्हटलं, सांगतो तेवढं कर.

२० मे, संध्याकाळी ७.३०
कन्येचा फोन. तिथे रेंज आठवड्यातून एकदा, एका टेकडीवर चढून.

सांगत होती. मोठ्या मोठ्या झाडांना हात लावून मोजतात. एका झाडाला कवेत घ्यायला चार माणसं लागली. तब्येत छान. मग म्हणाली, बाबा, एक गंमत सांगू? रागावणार नसाल तर.

कॅम्पमध्ये पहिल्या दिवशी पाण्याचं ट्रेनिंग असतं. ते तिच्याकडे दिलं होतं. तिनं सगळ्यांच्या बाटल्यांवर लाल-हिरवे पट्टे मारले. बाटलीवर, टोपणावर नाही. माझ्याच पेंटनं. आधी गाळायचं, मग पातेल्यात उकळायचं, मग हिरव्या बाटलीत. कच्चं कायम लालमध्ये. आणि बाटलीवरच का, हे लोकांच्या डोक्यात बसावं म्हणून तिनं एका माणसाची गोष्ट सांगितली, जो टोपणांना रंग लावायचा. लोक इतके हसले की आता नवीन तुकडी आली की आधी ती गोष्ट होते. आचारीसुद्धा सांगतो म्हणे. त्यानं त्यात चार झुडपं जास्त घातली आहेत. सात आठवड्यांत अडतीस माणसांत एकाचंही पोट बिघडलेलं नाही.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तो माणूस कोण असं सांगितलंस?

नुसता वाऱ्याचा आवाज येत होता. मला वाटलं रेंज गेली.

मग म्हणाली, माझे एक दूरचे काका आहेत, असं सांगितलं.

बावीस वर्षं या मुलीचा बाप आहे मी. तिला सायकल शिकवली. तिच्या खोलीला तीन वेळा रंग दिला, तिन्ही वेळा तिनं निवडलेला. आणि एका टेकडीवर, अडतीस लोकांसमोर, मी दूरचा काका झालो.

तिनं विचारलं, बाबा, रागावलात? मी म्हटलं, छे. ती म्हणाली, रंग जराही निघालेला नाही, रोज पाण्यात असूनही. मी म्हटलं, पहिला हात नीट वाळू दिला होतास ना? ती म्हणाली, पूर्ण एक दिवस, तुम्ही सांगितलं होतं तसं. मग खरंच रेंज गेली.

फोन ठेवला. तहान लागली होती. आत गेलो, पिंप उघडलं, आणि ग्लास भरण्याआधी हिला विचारलं, उकळलेलं आहे ना? ही हो म्हणाली. मग तिनं विचारलं, कोणाचा फोन होता एवढा वेळ?

मी म्हटलं, एका दूरच्या पुतणीचा.